खिंडीतले पोपट

फार पूर्वी एका वाघाने खिंडीत पोपट बसवले होते. राज्यात घबराट नको, म्हणून ‘वणवा’ असा शब्द उच्चारणाऱ्या पाखराला ते परत पाठवत.

पलीकडचं रान पेटलं, तेव्हा टिटवी ‘तांबडी गाय आली’ अशी अंगाई गात खिंडीतून आली. पोपटांना काही कळलं नाही. ससे तिची खूण जाणत होते. ते नदीपार पळाले. ते वाघाच्या कानावर गेलं.

हरणांना सांगायला टिटवी पुन्हा आली.

“अंगाईच आहे हो,” ती म्हणाली.

“असेल. पण जे कळत नाही, तेही आता अडवायचंय,” म्हातारा पोपट म्हणाला.

“दादा, तुमचीही पिल्लं खालीच आहेत.”

पोपट वाटेतून हलला नाही.

टिटवी खडकावर बसून राहिली. थोड्या वेळाने धूर खिंडीत शिरला. त्याला कुणी अडवलं नाही.