झोपलेल्या कॅमेऱ्याचे तीन फोटो

बस काही केल्या सुरू होईना! शेवटी वऱ्हाडी खाली उतरले आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासकट सगळ्यांनी तिला नाक्यापर्यंत ढकलत नेलं. आठवड्यात ही तिसरी वेळ होती.

अकरा बसगाड्यांचे मालक बापूसाहेब जामदार संतापले. दोष कुणाचा, हे त्यांनी नेहमीप्रमाणे चौकशीच्या आधीच ठरवलं होतं.

"गंगाराम! गाडी उभी करून गाणी ऐकत बसतोस आणि बॅटरी उतरवतोस. उद्यापासून घरी बस!"

गंगाराम कोष्टी बावीस वर्षं गाडी चालवणारा जुना ड्रायव्हर. त्याच्या गाडीतला टेप तर चार वर्षांपासून मुका होता! पण मालकापुढे तोंड उघडणार कोण? उघडलं यमुना लोहारने. गाड्यांची वायरिंग तिच्याकडे होती.

"मालक, बॅटरी गाण्यांनी उतरत न्हाई. तुमचा कॅमेरा खातोय तिला."

खरंच होतं ते. ड्रायव्हर चोऱ्या करतात या संशयाने बापूसाहेबांनी प्रत्येक गाडीत कॅमेरे आणि रेकॉर्डर बसवला होता आणि त्याच्या मेनूत स्वतः बोटं घातली होती. 'बॅटरी संरक्षण' दिसताच ते गरजले होते, "माझ्या बॅटरीला संरक्षण? ती काय मंत्री आहे?" आणि ते बंद करून टाकलं. तेव्हापासून किल्ली काढली तरी रेकॉर्डर रात्रभर जागाच राहून बॅटरी पीत होता. मग आली अलार्मची यादी. कशाकशाचा फोटो हवा? बापूसाहेबांनी सगळ्यांवर खूण केली. ब्रेक दाबला, फोटो! वळण घेतलं, फोटो! म्हैस आडवी आली, फोटो! दिवसाला अकराशे फोटो मोबाइलवर येऊन आदळू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा लावून चाळीस पाहिले. दुसऱ्या दिवशी मोबाइलचा आवाजच बंद केला.

"कॅमेरा खातो म्हणतेस? मग ऐक!" बापूसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "ही गाडी चार दिवस किल्ली काढून इथंच उभी राहील. पाचव्या दिवशी एका झटक्यात सुरू झाली पाहिजे. आणि मधे कुणी गाडीला हात लावला, तर त्याचा फोटो मला आला पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर गंगाराम घरी, आणि त्याच्या मागोमाग तू!"

"चालंल. पण ह्या गाडीच्या मेनूला तुम्ही बोट लावायचं न्हाई."

यमुनेने बॅटरी संरक्षण चालू केलं. किल्ली काढल्यावर दहा मिनिटांनी रेकॉर्डर झोपेल आणि बॅटरी फार उतरली तर पुरता बंद होईल, असं ठरवून दिलं. अलार्म तिने दोनच ठेवले: दार उघडलं तर, आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं तर. एका कॅमेऱ्याचं तोंडही तिने पेटीकडे वळवलं. तेवढ्यापुरतं जागं व्हायचं, तीन फोटो पाठवायचे, परत झोपायचं.

बापूसाहेब रोज मोबाइलवर कॅमेरा उघडून बघत. पडदा काळा! "झोपलाय लेकाचा!" म्हणून ते खूश होत.

पाचव्या दिवशी सगळे ड्रायव्हर जमले. गंगारामने किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही! गंगारामचा चेहरा पडला.

"संपलं!" बापूसाहेबांनी टाळी वाजवली. "उचला आपापले डबे, दोघांनी!"

यमुनेने पेटीचं झाकण उघडलं. बॅटरीची वायर सैल होऊन लोंबत होती. तिने ती पक्की आवळली. गंगारामने पुन्हा किल्ली फिरवली, आणि एका झटक्यात गाडी धडधडू लागली!

"बॅटरी भरलेलीच हाय, मालक. वायर मात्र कुणीतरी मुद्दाम सोडली."

"कुणी?" बापूसाहेबांना एकाएकी खोकला आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं! "आता ते कसं कळणार? तुझा कॅमेरा तर झोपला होता. मी रोज पाहत होतो!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमचाच मोबाइल उघडा की."

बाकीच्या दहा गाड्यांच्या हजारो फोटोंखाली या गाडीचे तीनच फोटो दबले होते. मंगळवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. पहिल्यात पांढरी टोपी. दुसऱ्यात पाना घेतलेला हात. तिसऱ्यात दातांखाली जीभ धरून वायर सोडणारे खुद्द बापूसाहेब!

एकाही ड्रायव्हरला हसायचं धाडस होईना. सगळे आपापल्या चपला निरखू लागले.

"पण... पण तो झोपला होता ना?" बापूसाहेब पुटपुटले.

"व्हय मालक. समदे कॅमेरे जागे होते तवा दिवसाला अकराशे फोटो काढायचे, त्यात चोर एक न्हाई. ह्यो झोपला आणि तीनच काढले, तर तिन्हीत मालक!"

बापूसाहेब आधी लालबुंद झाले. मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि ते इतके खदखदून हसले की टोपी खाली पडली.

"हरलो गं बाई! गंगाराम, गाडी तुझीच. आणि यमुने, आजपासून अकराही गाड्यांचे मेनू तुझ्या हाती, पगार दीडपट! आणखी काय हवं? माग!"

यमुनेने तो दुसरा फोटो बोटांनी मोठा करून त्यांच्यापुढे धरला.

"माझा पाना द्या, मालक. मंगळवारपासून शोधतीया!"