फाटक्या पिसाऱ्याचा मासा

या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या. डोळे मिटलेत तरी चालतील, कान तेवढे इकडे असू द्या.

समुद्राकाठी एक राज्य होतं, शिंपलनगर. तिथला राजा रणधीर. लढाईचं नाव काढलं की त्याच्या मिशा आपोआप वर जायच्या. त्याला एक मुलगी होती, बकुळा. ती बोलायची कमी आणि बघायची फार. एखादी मुंगी साखरेचा दाणा ओढत निघाली, तर ती बिळात शिरेपर्यंत बकुळा जागची हलायची नाही.

एकदा काय झालं, दूरच्या बेटावरून एक गलबत आलं. तांडेलानं राजाला काचेची बरणी भेट दिली. बरणीत एक मासा. एवढासाच, बरं का, माझ्या करंगळीएवढा! पण रंग काय सांगू? मोरपिसासारखा निळा, वर कुंकवाची किनार. आणि शेपटी तर अशी, जणू पाण्यात कुणी पैठणीचा पदर सोडलाय.

"महाराज, हा झुंजार मासा," तांडेल म्हणाला. "दुसरा नर दिसला की पिसारा फुलवून अंगावर धावतो."

राजाला हेच हवं होतं. त्यानं बरणीसमोर आरसा धरला. माशाला वाटलं, आला शत्रू! त्यानं पिसारा फुलवला, गाल फुगवले आणि धाडकन काचेवर धडक मारली. राजा हसला. मग दरबार हसला. मग काय, रोजचाच खेळ झाला तो. आरसा धरायचा, माशानं धडका मारायच्या, सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. बरणी एवढीशी, त्यातलं पाणी शिळं. ते बदलायचं कुणाच्या मनातच येईना.

मग शेपटीच्या चिंध्या झाल्या. चिंध्यांच्या कडा काळ्या पडल्या. मग अंगावर कापसासारखा पांढरा बुरा आला. आणि एके दिवशी आरसा धरला, तरी मासा हललाच नाही. तळाशी आडवा पडून राहिला.

"संपला हा," राजा म्हणाला. "मांजराला घाला."

तेव्हा बकुळा उठली. भरल्या दरबारात ती पहिल्यांदाच बोलली.

"आबा, मला द्या. मी त्याला बरा करीन."

"तू? बरं, कर. पण बरा झाला की पुन्हा झुंजायचं त्यानं, आत्ताच सांगून ठेवतो."

बकुळानं बरणी छातीशी धरली आणि निघाली.

मागच्या अंगणात एक पसरट दगडी कुंडी होती. बकुळानं ती घासूनपुसून लख्ख केली. विहिरीचं ताजं पाणी काढलं, काठोकाठ भरलं आणि माशाला अलगद आत सोडलं. आता पोहेल, आता पोहेल, म्हणून बघत बसली. आणि झालं भलतंच! मासा थरथरला, कलंडला आणि दगडासारखा तळाला गेला.

बकुळाला रडू फुटलं. विहिरीच्या काठावर हात ठेवून ती म्हणाली, "विहीरबाई, तुझं पाणी इतकं गोड, मग त्यानं असं का झालं गं?"

आणि विहीर बोलली, बरं का! खोल आवाजात बोलली.

"पोरी, माझं पाणी पाताळातलं. गार. आजारी जिवाला एकदम गारठ्यात घालतात का? पाणी उन्हात ठेव. कोमट झालं की थोडं जुनं काढ, थोडं नवं घाल."

बकुळानं डोळे पुसले. पाण्याच्या घागरी उन्हात मांडल्या. कोमट पाणी वाटी-वाटीनं कुंडीत घातलं. रोज थोडं काढायचं, रोज थोडं घालायचं. मैत्रिणी झोक्यावर बोलवायला आल्या, ती गेली नाही. हळूहळू मासा वर यायला लागला. हा मासा तोंड वर काढून हवा घेतो, ठाऊक आहे? वर आला, एक घोट हवा घेतली, पुन्हा खाली गेला. बकुळाला तेवढ्यानंच कोण आनंद!

पण अंगावरचा बुरा काही जाईना. मग ती समुद्राकडे गेली. लाटांत गुडघाभर उभी राहिली.

"समुद्रआजोबा, तुमच्या पोटात एवढे मासे. ते आजारी पडले तर तुम्ही काय करता?"

समुद्र हसला. फेस तिच्या परकरावर उडाला. "मी? मीठ देतो. काठावर सुकलंय, घेऊन जा. पण तुझा मासा गोड्या पाण्याचा. मूठ घेशील तर मरेल, चिमटीनं घे. वेगळ्या भांड्यात विरघळव, त्यात त्याला जरा वेळ अंघोळ घाल आणि मग परत कुंडीत सोड."

बकुळानं तसंच केलं. मिठाच्या पाण्यात मासा असला की ती पापणीही लववायची नाही. जरा कलला की लगेच ओंजळीत घेऊन परत कुंडीत. करता करता बुरा सुटला आणि अंग पुन्हा निळं दिसायला लागलं.

आता राहिला पिसारा. तो काही वाढेना. किनाऱ्यावर जंगली बदामाचं एक मोठं झाड होतं. बकुळा त्याच्याकडे गेली आणि पान तोडायला हात वर केला.

"थांब," झाड म्हणालं. "हिरवं नको. आपणहून गळून वाळलेलं पानच उपयोगाचं. तेवढा धीर आहे का तुला?"

"आहे," बकुळा म्हणाली आणि झाडाखाली बसली.

खाली पडलेली पानं भरतीनं वाहून नेली होती, आणि वाराही नव्हता. पान पडेना. ऊन डोक्यावर आलं, मग उतरलं. पायांना मुंग्या आल्या. दासी बोलवायला आल्या, तिनं मानेनंच नाही म्हटलं. ती बसून राहिली. मग अलगद, गोल गोल फिरत, एक तांबूस पान तिच्या मांडीवर पडलं. चांगलं वाळल्यावर तिनं ते धुतलं आणि कुंडीत सोडलं. पाण्याला काताचा रंग आला. आणि त्या पाण्यात, बरं का, चिंध्यांच्या टोकांना नवं पाण्यासारखं पारदर्शक कापड फुटलं! मग त्यात निळा रंग भरला, मग कुंकवाची किनार आली.

झालं, राजाला बातमी लागली. त्यानं दुसरा झुंजार मासा मागवला, काळाकुट्ट. ती बरणी हातात घेऊन तो अंगणात आला. "सोडा दोघांना एकत्र!"

बकुळा कुंडीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात पसरले.

"बाजूला हो, बकुळे. ठरलं होतं आपलं."

"तुमचं ठरलं होतं, आबा. मी हो म्हटलं नव्हतं." तिनं माशाच्या खाऊतली डासाची एक अळी आबांच्या बोटावर ठेवली. "एकदा बोट पाण्यात धरा. मग काय ते सांगा."

राजानं बोट बुडवलं. निळा मासा संथपणे वर आला, पिसारा हलवत. त्यानं अळी घेतली. आणि गेला नाही, बोटाशीच घुटमळत राहिला.

"हा मला भीत कसा नाही?" राजा हळूच म्हणाला.

"आरसा तुम्ही धरला होता, हे त्याला कुठं ठाऊक आहे!"

बराच वेळ राजा पाण्यात बोट धरून उभा राहिला. मग त्यानं दुसरी कुंडी मागवली, काळ्या माशासाठी. दूर, भिंतीपलीकडे, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. काळ्यासाठी पाणी उन्हात ठेवायला राजा स्वतः गेला, घागर खांद्यावर घेऊन! सारं शिंपलनगर बघत राहिलं.

मग एका सकाळी निळ्या माशानं पाण्यावर बुडबुडे सोडले. इवले इवले, एकाला एक चिकटलेले.

"हे काय करतोय?" राजानं विचारलं.

"घरटं बांधतोय, आबा. त्याच्या पिल्लांसाठी."

राजानं लगेच हुकूम सोडला, अंगणात कुणी धपधप चालायचं नाही, बुडबुडे फुटतील. आणि आपले जोडे काढून, हातात धरून, तो एवढा मिशाळ राजा चवड्यांवर चालत निघून गेला.

पुढं राजानं बेटावरून एक मादी आणवली, घरट्यात पिल्लं झाली, बकुळा मोठी होऊन राणी झाली, आणि शिंपलनगरात माणसं न् मासे सारेच सुखात राहिले.

बाळांनो, तुम्हीही आता कुशीवर व्हा. दिवा मी मालवते. झोपा.