प्रागची सावली

"...मग मी प्रागला परत जाऊ की नको, मास्तर?"

प्रश्न विचारून झाला, तरी अच्युत तेंडोलकर बोलायचा थांबेना.

बारा वर्षं त्याने प्रागमध्ये चित्रं काढली होती. तिकडच्या पेपरांत नाव आलं होतं. आई गेली म्हणून वेंगुर्ल्याला आला, तो वर्षभर अडकला. आता घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, सोमवारी सही. ती झाली की वेंगुर्ल्यात त्याचं म्हणावं असं काही उरणार नव्हतं.

शाळेत त्याच्या हातात ब्रश दिला आरोलकर मास्तरांनी. त्यांना न विचारता जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून विचारायचं. उत्तर तो घरूनच घेऊन आला होता.

मास्तर सुपारी कातरत ऐकत होते. तिथली नदी, नदीवरचा जुना पूल, हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा संध्याकाळसारखं तिरपं पडणारं ऊन. आणि कॉफीच्या कपावर हात शेकत बसणारी मंडळी : एक चित्रकार इराणी, एक लेखक पोर्तुगालचा. सगळेच परके, त्यामुळे कुणालाच परकं वाटायचं नाही.

"ते शहर तिथं राहिलं, मास्तर. हातही तिथंच राहिला. इथं काही उमटत नाही."

"वर्षभरात एकही नाही?"

एक होतं. दुकानदार मागच्या फळीवरचा न खपलेला माल काढतो, तशा नाखुशीने त्याने पिशवीतून कॅनव्हास काढला. किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी, राखणीला बसलेल्या दोन बाया.

"किती वाजलेत यात?"

"भर बारा."

मास्तर उठले. चित्र घेऊन घरापुढच्या खळ्यात गेले, अच्युत मागोमाग. मे महिना, सूर्य थेट डोक्यावर. मास्तरांनी आपली काठी जमिनीवर सरळ उभी धरली.

सावली नावालाही नव्हती.

अच्युतने चित्राकडे पाहिलं. दोन्ही बायांच्या सावल्या लांबच लांब, निळसर, पार पाण्यापर्यंत गेलेल्या...

याच वाळूत अनवाणी पाय भाजून घेत तो वाढला होता. ही चूक गावातल्या नवशिक्यानेही केली नसती. कान तापले. त्याने रंग खरवडायची सुरी काढली.

मास्तरांनी मनगट धरलं.

"राहू दे रे. बिचारी प्रागहून इथवर तुझ्या मागोमाग आली. टेकू दे जरा."