हरबाचं पातळ रक्त

एका गावात एक भोळा हरबा होता. बायको सुंद्रा शहाणी, म्हणून संसार तगला होता.

हरबाच्या काळजाची झडप बिघडली. तालुक्याला ऑपरेशन होऊन नवी बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नव्या झडपेवर गुठळी धरली तर जिवावर बेतेल. ही रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. पातळ तेच बरं, घट्ट झालं की घात."

"बरं बाई."

हरबानं घरी येऊन म्हशीच्या दुधात कळशीभर पाणी ओतलं. डेअरीवाल्यानं कॅन परत पाठवला.

पुढच्या खेपेला हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गोळीनं रक्तात पाणी वाढत नाही. रक्त गोठवणारी प्रथिनं असतात, दुधाला विरजण तशी. गोळी ते विरजण कमी करते."

"असं होय. आता चुकायचो नाही."

मेहुणीकडं बारसं होतं. श्रीखंडासाठी पातेलंभर दूध विरजलेलं. हरबानं ते उकिरड्यावर ओतलं आणि मेहुणीला म्हणाला, "जिवावरचं होतं, टळलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेरचं काही बघू नका. गोळी घ्या, पालेभाजी रोज सारखीच खा. रक्त तपासल्याशिवाय काही बदलायचं नाही."

हरबानं सदरा बदलला नाही. महिन्याभरात म्हैस त्याला जवळ येऊ देईना. सुंद्रानं विचारलं तर म्हणाला, "रिपोर्ट यायचाय."

असं करता करता वर्ष झालं. डॉक्टरीणबाई आता एकेक शब्द सावकाश बोलत. "गोळी चालू आहे तोवर तुमची ती प्रथिनं कमीच राहणार. एकदा वाहायला लागलं की आपणहून लवकर थांबायचं नाही. कापडानं घट्ट दाबून धरा. थांबेपर्यंत सोडू नका. समजलं?"

"समजलं."

हरबा एसटीतून उतरला तर चावडीपुढं सभा भरलेली. गावच्या दवाखान्यात कशा सगळ्या सोयी आहेत, ते सरपंच सांगत होते. त्या दवाखान्यात साधी सुई नव्हती. रक्त तपासायला हरबाला दर खेपेला दोन एसट्या बदलाव्या लागत. सरपंचांचं बोलणं वाहतच होतं. ऊन डोक्यावर आलं, तरी थांबेना.

हरबा घाबरला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, पुढं गेला आणि सरपंचांचं तोंड दाबून धरलं.

सरपंच हातपाय झाडू लागले. गाव बघत होतं. कुणी उठलं नाही. ग्रामसेवकानं चष्मा पुसायला काढला.

हळूहळू सरपंच गप्प झाले. हरबानं टॉवेलचं टोक उचलून आत पाहिलं.

"गोठलं," तो लोकांना म्हणाला.