सलोमीचा हाळ

चपला इथेच काढा, आणि आत जायच्या आधी हे बघून घ्या. ख्रिस्तमंदिर कुठे पळून जात नाही.

दाराशी कडुनिंबाखाली हा जो लांबट काळा कोरलेला दगड दिसतो, त्याला आम्ही हाळ म्हणतो. विहिरीवर मोट चालायची त्या काळात जनावरांना पाणी पाजायला अशी दगडी कुंडी असायची. ह्याच्या एका काठाला वरून खालपर्यंत चीर गेली आहे. नाताळाला येणारे पाहुणे दर वर्षी विचारतात की देवाच्या दारात जनावरांची कुंडी कशाला, आणि फुटकी आहे तर बदलत का नाही. एका साहेबांनी तिच्या जागी संगमरवरी कारंजं बसवून देतो म्हटलं होतं. आम्ही नको म्हटलं. का म्हटलं ते मला माझ्या आजेसासूने सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगते. गोड करून सांगायची मला सवय नाही.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. तेव्हा बोरखेड्यात मंदिर नव्हतं. होती ती ही विहीर, रंभाजी पाटलांची. विहिरीच्या अलीकडे गाव, पलीकडे आमची वस्ती. वस्तीतली काही घरं नुकती ख्रिस्ती झाली होती. नावं बदलली, प्रार्थना बदलली, पण पाणी काही बदललं नाही. विहिरीला आमचा हात लागायचा नाही. सकाळी मोट सुरू झाली की पाणी विहिरीच्या काठच्या थारोळ्यात पडे, तिथून हाळात येई. पाटलांची जनावरं पिऊन जात. मग जे उरेल ते आमच्या बायकांनी एका टोकाकडून, हाळाला अंग न लावता मडक्यात भरायचं. वर बैलाच्या लाळेचा तवंग असे, तो हाताने बाजूला सारायचा आणि भरायचं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगंही वाटेनासं झालं होतं.

वस्तीत तबीथा नावाची बाई होती. नवरा दूर रेल्वेच्या कामावर. पदरात एकच लेक, सलोमी, चार-पाच वर्षांची. त्या पावसाळ्यात सलोमीला गोवर निघाला आणि ती हातची जाते की काय असं झालं. तबीथाने देवापुढे पदर पसरला आणि बोलली म्हणे, की ही वाचली तर यंदाचा नाताळ हिच्या हाताने होईल, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एकही संध्याकाळ न चुकता. लेक वाचली.

आता नाताळ म्हणजे काय, तर वस्तीत नवे कपडे नव्हते की करंज्या नव्हत्या. तबीथाने आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा एक बाळ केला, त्याला काजळाचे डोळे काढले. लेकीला सांगितलं, हा आपला येशूबाळ. याला जागा नव्हती म्हणून याच्या आईने याला गव्हाणीत निजवलं. तू रोज एक चांगलं काम करायचंस आणि संध्याकाळी याच्या अंथरुणात कडब्याची एक काडी घालायचीस. नाताळापर्यंत याचं अंथरूण मऊ झालं पाहिजे.

सलोमीने विचारलं, "आई, गव्हाण म्हणजे काय?"

आई म्हणाली, "जनावरं तोंड घालतात ती जागा."

इथेच गोष्ट फिरली. वस्तीत कोणाच्या दारात गाय नव्हती, म्हैस नव्हती, बैल तर दूरची गोष्ट. त्या पोरीने जन्मात गव्हाण पाहिलेली नव्हती. जनावरं तोंड घालतात अशी एकच जागा तिला माहीत होती, जिथून तिच्या घरी रोज पाणी यायचं ती. संध्याकाळी हाळ रिकामा झाला होता. सलोमी काठावरून आत उतरली, कोरड्या बाजूला कडबा पसरला, त्यावर बाळ ठेवला आणि त्याच्याशेजारी बसून आईने शिकवलेलं गाणं म्हणत राहिली. अंधार पडल्यावर बाळाला तिथेच निजवून ती घरी आली.

सकाळी मोट हाकणाऱ्या गेनूने ते पाहिलं. गेनू माणूस वाईट नव्हता, पण पाटलांचा चाकर. त्याने जाऊन सांगितलं. पाटील आले. सगळं गाव मागोमाग आलं.

"पोर कोणाची?"

"माझी," तबीथा म्हणाली.

"हाळात उतरली?"

"उतरली."

"माझी जनावरं तोंड घालतात त्यात, ठाऊक आहे ना?"

"म्हणूनच तर ठेवलाय त्याला तिथं."

पाटलांना हे उत्तर कळलं नाही. ते म्हणाले की हाळ बाटला. त्यावर तबीथा जे बोलली ते वस्तीत अजून पाठ आहे. ती म्हणाली, "बैलाच्या लाळेनं हाळ बाटत नाही आणि माझ्या लेकीच्या पायानं बाटतो होय, पाटील? मग पुढच्या पंगतीला बैलालाच पाटावर बसवा."

मागच्या गर्दीत कोणीतरी हसलं. त्या हसण्यानेच घात केला असं माझी आजेसासू म्हणायची. पाटलांनी तिथल्या तिथे हुकूम दिला. बाईने चावडीपुढे नाक घासून माफी मागायची आणि ती चिंध्यांची बाहुली तिथून उचलायची. तोवर हाळात पाण्याचा थेंब पडणार नाही. जनावरं ओढ्यावर जातील. वस्तीने काय प्यायचं ते आपल्या येशूला विचारावं. गेनूने थारोळ्याच्या हाळाकडच्या तोंडाला माती आणि फडक्यांचा बोळा कोंबला. हाळ कोरडा पडला.

वस्तीला ओढा लांब पडे, आणि होतं ते पाणीही मचूळ. बायका परत यायच्या त्या तबीथाच्या दारासमोर थांबूनच. "तुझ्या देवाला पाळणा मिळाला गं, आमच्या घशाला कोरड," असं बोलायच्या. त्या काही खोटं बोलत नव्हत्या हे तबीथाला ठाऊक होतं. मग ती त्यांच्या पोरांसाठी आपलं अर्धं मडकं त्यांच्या दारात ओतून येई.

पाळक अमोसराव तट्टावर बसून आले. चांगला माणूस, पण भांडणाला भ्यायचा. म्हणाले, "तबीथाबाई, शास्त्रात गव्हाण आहे, हाळ नाही. लेकराची चूक झाली. बाळ घरात ठेवा. नाताळ घरातही होतो."

ती म्हणाली, "पाळकसाहेब, घरात जागा मिळाली असती तर तो गव्हाणीत कशाला निजला असता? तुम्हीच वाचून दाखवलंत ना? आम्ही जनावरांच्या मागून पितो. त्याला जनावरांपाशी ठेवलं. माझ्या लेकीनं चूक केली म्हणता, मला तर वाटतं आपल्या सगळ्यांत तिलाच कळलं."

"आणि वस्तीचं पाणी?"

"नाक घासून मिळालेलं पाणी तुम्हाला गोड लागेल का?"

अमोसरावांनी टोपी काढून हातात धरली आणि तट्टावर न बसता, त्याला हाताने धरून, पायीच परत गेले असे सांगतात.

त्या संध्याकाळी सलोमीने आईला विचारलं, "माझ्यामुळं पाणी गेलं ना? मग मी घातलेल्या काड्या काढून घेऊ का?"

इतके दिवस गावाला उत्तरं देणारी तबीथा तेवढ्यापुरती खाली बसली म्हणे. लेकीला मांडीवर घेऊन म्हणाली, "काडी काढायची नाही. आज काय चांगलं केलंस ते सांग."

"शेजारच्या म्हातारीला माझ्या वाटचं पाणी दिलं."

"मग घाल तिची काडी."

आणि मायलेकी कोरड्या हाळापाशी गेल्या, दिवा लावला, गाणं म्हटलं, काडी घातली. बोल चुकवायचा नव्हता. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हातारी काठी टेकत त्यांच्यामागून आली. नाताळ जवळ आला तसे वस्तीतले बाकीचेही येऊ लागले. टोमणे मारणाऱ्या बायकाही आल्या, पण तोंड वाकडं करूनच. कोणी बांबूच्या कामट्यांची चांदणी केली आणि कडुनिंबाला बांधली.

नाताळाची सकाळ उजाडली. उन्हं वर येताना सगळी वस्ती डफ आणि टाळ घेऊन हाळाभोवती जमली. सलोमी आत कडब्यावर बाळाशेजारी आडवी झाली होती. तेवढ्यात गेनूने मोटेचे बैल आणले. मोटेला जुंपायच्या आधी गेनूने पोहऱ्याने ओतलेलं पाणी ह्याच हाळावर प्यायची त्या बैलांची वर्षानुवर्षांची सवय. ओढ्याचं गढूळ पाणी त्यांनी बळेच घेतलेलं. त्या दिवशी धावेवर, म्हणजे मोट ओढायच्या वाटेवर, चढायचं सोडून ते वळले आणि सरळ हाळापाशी आले. मान खाली घातली, पोरीला हुंगलं, बाळाला हुंगलं आणि थांबले. मागून पाटलांच्या गाई आल्या, म्हशी आल्या, सगळ्या हाळाला वेढा घालून उभ्या.

जनावरांनी गुडघे टेकले असं काही जण सांगतात. माझी आजेसासू म्हणायची, टेकले नाहीत, उगाच वाढवू नये, नुसती उभी राहिली. पण बैल एकदा अडला की तो पाटलाचंही ऐकत नाही. चाबूक ओढला, शेपट्या पिरगाळल्या, काही होईना. मोट बंद. बागायत कोरडी. अख्खं गाव बघतंय.

पाटलांचं डोकं फिरलं. ते गेनूला म्हणाले, "घण आण. हाळच ठेवू नकोस."

गेनूने घण आणला आणि काठावर एक घाव घातला. दगड वरून खालपर्यंत चिरला. टाळ थांबले. तबीथा हाळाच्या काठावर जाऊन बसली, घणाच्या अगदी खाली, आणि हलली नाही. सलोमी आतून उठून बसली. ओठांवर बोट ठेवून गेनूला म्हणाली, "हळू, काका. बाळ निजलंय."

गेनूने घण खाली टाकला.

"उचल तो," पाटील म्हणाले.

"बैल ऐकत नाहीत, पाटील. मी माणूस आहे, मी कशाला ऐकू?" असं बोलून गेनूने स्वतःच्या हाताने थारोळ्याचा बोळा उपसला, दोर टाकून पोहऱ्याने पाणी शेंदलं आणि हाळात ओतायला लागला. सलोमी बाळाला उचलून बाहेर आली. पाणी दिसताच बैलांनी माना घातल्या, तेव्हा तबीथाने आडवा हात धरला.

"आज नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही तुमच्यामागून प्यालो. आज आधी ही."

बैल थांबले असे सांगतात. सलोमीने ओंजळ भरली आणि प्याली. मग दुसरी ओंजळ भरून गेनूपुढे धरली. गेनूने एकदा पाटलांकडे बघितलं, एकदा त्या ओंजळीकडे, आणि वाकून प्याला. मग वस्ती प्याली. मग जनावरं.

आता पाटलांचं. कोणी सांगतात की पाटील रडले, लेकराच्या पाया पडले, मंदिराला जागा दिली. खोटं आहे. लोकांना गोड शेवट लागतो. पाटील पाठ फिरवून घरी गेले आणि मरेपर्यंत ह्या पाण्याला शिवले नाहीत. स्वतःच्या मळ्यात त्यांनी नवा हाळ बसवून घेतला. पण हा हाळ त्यांना पुन्हा कोरडा ठेवता आला नाही, कारण बैल इथे पाणी प्यायल्याशिवाय धावेवर चढेनात. आणि इथे आमची माणसं आधी पीत. मंदिर पुष्कळ पुढे झालं. गोरे साहेब आले, जागा बघितली, म्हणाले मंदिर टेकडीवर बांधू, छान दिसेल. वस्तीने ऐकलं नाही. जिथे हाळ, तिथे मंदिर.

आजही आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून रोज संध्याकाळी वस्तीतलं सगळ्यांत लहान चालतं लेकरू इथे काडी घालतं. दिवसभरात काय चांगलं केलं ते आधी सांगावं लागतं. मागच्या वर्षीच्या पोराने सांगितलं, आज मी बहिणीला चावलो नाही. घातली त्याचीही काडी. आजही नाताळाच्या सकाळी गेनूच्या घराण्यातली माणसं एक बैलजोडी घेऊन येतात. बाळ उचलतात, हाळ भरतात, आणि ते लेकरू पहिल्यांदा पितं. मग ते आपल्या ओंजळीतून प्रत्येकाला देतं. ओंजळ प्यायल्याशिवाय कोणी मंदिराची पायरी चढत नाही. बिशपही नाही, आमदारही नाही. एका मोठ्या माणसाने नुसतं पाणी डोळ्यांना लावलं, तर त्या वर्षीची पोरगी म्हणाली, प्या. तो प्याला.

आणि ती चीर. लोक म्हणतात इतकी मोठी चीर आहे पण थेंब गळत नाही, चमत्कार आहे. गळतं. चांगलं धो धो गळतं. गवंडी दर वर्षी सिमेंट घेऊन येतो आणि आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवतो. नाताळभर आम्ही बायका पाळीने कळशा आणून ओततो, म्हणून हाळ भरलेला दिसतो. ह्यापेक्षा मोठा चमत्कार मला नको.

तर त्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत ठेवा. पाणी स्वच्छ आहे, मी स्वतः भरलंय. आणि नसतं तरी तुम्हाला तेच दिलं असतं. यंदाची ही आमची दीना, साडेतीन वर्षांची. केव्हाची ओंजळ धरून उभी आहे, हात गारठलेत तिचे. चला, वाका.