लांडग्याचा वाटा

आटपाट नगर काही नव्हतं तिथे. होता नुसता मोकळा माळ, पिवळ्या पिवळ्या गवताचा, आणि त्या माळावर एक फाटकं पाल. पालात बाणू नावाची धनगराची पोर राहायची. ती, तिचा बा धुळा, त्यांची थोडीशी मेंढरं आणि एक शेळी. आई नव्हती. बाकीचे मेंढके चाऱ्यासाठी पुढच्या मुलखात निघून गेले होते. पण बाला ताप भरला आणि ही दोघं मागे राहिली.

मागे राहिलेल्यांना तरसं गाठतात. आधी त्यांनी राखणीचा कुत्रा नेला. मग कापशीची आई नेली. कापशी म्हणजे एक इवलंसं कोकरू, कापसाच्या बोंडासारखं पांढरं, एवढुसं गुलाबी नाक. आई गेल्यावर तिला दूध कोण पाजणार? बाणू वाटीत शेळीचं दूध घ्यायची, त्यात बोट बुडवायची आणि कापशी ते बोट लुचुलुचु चोखायची. पहिल्या वेळी बाणूने दचकून हात मागे घेतला होता. तेव्हा बा अंथरुणातून हसून म्हणाला होता, "बाणू, बोट दे तिला. चावत न्हाई ती."

या मेंढक्यांची एक जुनी रीत होती. लांडगा आला तर त्याला शिवी द्यायची नाही, पाव्हणा म्हणायचं. माळ जसा आपला तसा त्याचाही, म्हणून कळपातलं एखादं कोकरू त्याच्या वाट्याचं. तरसाला मात्र वाटा नाही, कारण तरसाचं पोट एकाने भरत नाही. बाणू हे ऐकतच मोठी झाली होती.

एका दुपारी तिने पाहिलं, तर मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्यात, लांडग्याचं पिल्लू अडकलेलं. राखाडी, मऊ मऊ, मुठीएवढं डोकं. जितकं ओढावं तितकी दोरी गळ्यात रुतत होती. गाठी सुटेनात. शेवटी बाणूने कोयतीने वाघरच कापली, पिल्लाला दोन बोटं दूध चाटवलं आणि सोडून दिलं. मग कापलेल्या भोकाकडे तिचं लक्ष गेलं. तिने ओढणीची चिंधी बांधून बघितली. चिंधीने का कुठे तरस अडतं?

तेवढ्यात शेजारच्या तरवडाच्या झुडपाची सगळी फुलं एकदम लखलखली. पिवळ्या पाकळ्यांतून एक चिमुकली परी बाहेर आली. चतुरासारखे झिरझिरीत पंख, हळदी रंगाचा झगा, केसांत दवाचे थेंब.

"जाळं कापलंस, आता तरसं आत येतील. ठाऊक होतं ना तुला?" परीने हळूच विचारलं.

"व्हय."

"मग का गं कापलंस?"

"त्ये रडत हुतं," बाणू म्हणाली.

परीने तिला एक इच्छा मागायला सांगितली. बाणूने मेंढरं राखून मागितली. परीला कुणाला दुखवता येत नव्हतं, साधं रागावताही येत नव्हतं. परीची जातच तशी. ती फक्त अंग देऊ शकत होती, लढणाऱ्या लांडग्याचं अंग.

"पण अंगाबरोबर त्याचं मनही येतं, बाळ. ते मला वेगळं काढता येत नाही," परी म्हणाली. "म्हणून दोन गोष्टी पाळ. जिभेला रक्त लागू द्यायचं नाही. लागलं, की तू कायमची लांडगी. आणि परत यायचं, तर तुझं नाव तुझं तुला आठवलं पाहिजे."

"नाव कुनी इसरतंय व्हय," बाणू म्हणाली. लहान होती बिचारी.

तिन्हीसांज झाली. एकीकडे सूर्य टेकला, दुसरीकडे केशरी, गोल गरगरीत चंद्र वर आला. गवताच्या कडेला तरसं हसू लागली. माणसासारखं हसतात ती, पण त्यात आनंद नसतो. बाणू भोकासमोर उभी राहिली.

आधी वास आले. गवताचा, लोकरीचा, बाच्या घामाचा, सगळे एकदम नाकात घुसले. मग पाठ ताणली, हाडं कडकड वाजली, खांदे बैलाएवढे रुंद झाले. राखाडी केस सळसळत अंगभर उगवले आणि चांदण्यात चांदीसारखे चमकले. नखं निघाली, काळी आणि वाकडी. जबडा पुढे आला आणि त्यात इतके दात, की तोंड मिटेना. दुखलं मात्र नाही, आणि बाणूला त्याचीच जास्त भीती वाटली. उलट छान वाटत होतं.

मग तिचे शब्द जायला लागले. 'पाल' हा शब्द गेला, उरला नुसता कापडाचा वास. 'शेळी' गेला. 'मेंढरं' गेला, आणि त्याच्या जागी आलं, मांस. बाणू त्या मोठ्या मनाच्या एका कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि मनातला लांडगा म्हणत होता, हे सगळं माझं.

तरसं आली. लांडगी त्यांच्यावर तुटून पडली, पण तोंड मिटून. का मिटायचं ते तिला नीट आठवत नव्हतं. एवढंच कळत होतं, की मिटायचं. खांद्याने एकाला उडवलं, पंजाने दुसऱ्याला लोळवलं. तिसऱ्याने तिचा कान फाडला. रक्त गालावरून ओघळत ओठाशी आलं आणि लांडग्याची जीभ आतल्या आत वळवळली. तिने जोरात मान झटकली. मग अशी डरकाळी फोडली, की तरसांचं हसू घशातच राहिलं. शेपट्या पायांत घालून ती जी पळाली, ती पुन्हा त्या माळावर दिसली नाहीत.

पण खरं भय तर आता सुरू झालं. तरसं गेली आणि लांडगीची भूक राहिली. समोर मेंढरं एकमेकांना चिकटून थरथरत होती. लांडगी वळली.

आवाजाने बा बाहेर आला होता. तापाने डोळे लाल, हातात काठी. त्याने पळालेली तरसं पाहिली, भोकात उभं असलेलं ते अक्राळविक्राळ जनावर पाहिलं आणि काठी खाली ठेवली. बिचाऱ्याला वाटलं, लांडगा पाव्हणा येऊन आपला कळप राखून गेला. मग रीत पाळायलाच हवी. बिनआईचं कोकरू काही जगत नाही, असं मेंढके म्हणतात. बाने तेच उचललं, छातीशी एकदा धरलं आणि लांडगीच्या पायांपाशी ठेवलं.

"पाव्हणं, लई उपकार झालं," तो म्हणाला. "ह्यो तुमचा वाटा. पर माझी पोर कुटं दिसंना. तिला न्हाई ना काय केलंसा?"

लांडगीला त्यातलं काही कळलं नाही. मनातला लांडगा म्हणाला, बघ, चोरून नाही, हाताने दिलंय. आता तर हे माझंच. जबडा उघडला. कोपऱ्यातली बाणू ओरडत होती, पण तिला आवाजच नव्हता.

कापशी मात्र पळाली नाही. तिला भूक लागली होती. तिने ते भलंमोठं पाऊल हुंगलं, सगळी नखं सोडून एकच नख तोंडात धरलं आणि लुचुलुचु चोखू लागली.

लांडगीच्या पायाला गुदगुल्या झाल्या. ती थांबली. श्वास रोखून, नख जराही हलू न देता थांबली. हे कधीतरी झालं होतं. दूध होतं. वाटी होती. कुणीतरी हसून म्हणालं होतं... काय म्हणालं होतं? बोट दे तिला. चावत न्हाई ती. आणि त्याच्या आधी एक हाक होती, इवलीशी. ती हाक शोधत लांडगी मनाच्या अंधारात कितीतरी वेळ धडपडली. लाळ गळत होती, भूक मानगुटीवर बसली होती, आणि कापशी आपली चोखतच होती.

बाणू.

आधी ते नख गेलं आणि त्या जागी बोट आलं. मग हात, मग खांदे, मग रडणारी एक छोटीशी मुलगी, एक कान फाटलेला. बा मटकन खालीच बसला. त्याने तिला जवळ ओढलं आणि नुसता "माझी बाय, माझी बाय" म्हणत राहिला.

"म्या तिला खानार हुते, बा," बाणू हुंदके देत म्हणाली.

"पण खाल्लं नाहीस," वरून परी म्हणाली. तिच्या इवल्याशा पंखांतून सोनेरी कण भुरभुरत होते. ते बाच्या कपाळावर पडले आणि ताप उतरला. वाघरीवर पडले आणि भोक रुपेरी धाग्याने विणलं गेलं. कानावर पडले, पण तिथे एक खाच परीने मुद्दाम ठेवली. "स्वतःची भीती वाटली ना तुला? ती थोडी जपून ठेव. उपयोगी पडते." एवढं बोलून परी उजळत गेली, उजळत गेली, आणि शेवटी नुसतं चांदणंच उरलं.

सकाळी कापशी भुकेने बें बें करत आली. बाणूने वाटी घेतली आणि आपल्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं. छोटंसं, गुलाबी, नख मळलेलं. तिला धीर होईना.

"दे तिला," बा म्हणाला. "चावत न्हाईस तू."

बाणूने बोट दुधात बुडवलं.