उजवा हात नसलेला पोशा

तो हात मोडलेला नाही. सगळे पाहुणे तेच विचारतात. नांदखोलच्या टोकावर उभ्या असलेल्या त्या काळ्या दगडातल्या माणसाला उजवा हात घडवलेलाच नाही. आणि सकाळी तुम्ही शिडाची बोट घेऊन, वाऱ्याला भिऊन खाडीच्या तोंडाशी आलात, ‘आत कुठून यायचं?’ म्हणून ओरडलात, तेव्हा मी काठावरून हात केला नाही, या वयात होडी लोटून तुमच्या पुढं झालो, त्याचंही कारण तोच. तुम्ही हसलात. हसा बापडे. निघाला होतात मालवणला, येऊन पडलात इथं. वारा पडेपर्यंत ऐकायला काय जातंय?

पोशा या गावचा वाटाड्या होता, म्हणे. खाडीच्या तोंडाशी सगळी वाळू आहे, तिच्यातून एकच खोल चर जातो. गलबत आत येणार ते त्यातूनच. परकं शीड दिसलं की पोशा होडी लोटायचा आणि पुढं पुढं वल्हवत त्याला आत आणायचा. त्याच्या हातून कधी एक फळी खरचटली नव्हती.

श्रावणातली गोष्ट. नारळी पुनव चार दिवसांवर. दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्यात वल्हं भिजवत नाहीत. सगळ्या होड्या वर ओढलेल्या, माडाच्या झापांनी शाकारलेल्या. आणि भर दुपारी एक गलबत दिसलं. दोन दिवस दर्या निवळला म्हणून कुणी घायकुता तांडेल गलबत हाकून निघाला असेल, त्याला वाऱ्यानं गाठलं. शीड फाटलेलं, डोलकाठीला कुणा बाईचं लाल लुगडं बांधलेलं. म्हणजे, वाट दाखवा हो.

पोशाची बायको चांगुणा म्हणाली, “बघत काय राहिलात? होडी सोडा. बायामाणसं आहेत त्यात.”

गावचा हाल्या पाटील आडवा आला. “नारळाआधी दर्यात शिरले, त्यांचं ते निस्तरतील. तू वल्हं भिजवलंस तर दर्या आपल्या पोरांवर उठेल, पोशा.”

पोशाची स्वतःची तीन पोरं दर्यावर जाणारी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मग त्यानं काय केलं, धावत टोकावर गेला, डोक्याचं मुंडासं सोडून उजव्या हातात धरलं आणि दाखवू लागला: इकडून या, इकडून. वल्हंही भिजलं नाही, वाटही दाखवली. त्याला बरं वाटलं असणार. गलबतानं ऐकलं. तोंड वळवून त्याच्या हाताच्या रोखानं आलं.

अरे, पण चर दर पावसाळ्यात सरकतो! रोज काठी घालून बघावा लागतो. पावसाळा लागल्यापासून पोशा पाण्यात उतरलाच नव्हता. त्यानं दाखवला तो गेल्या सालचा चर. तिथं आता कमरेएवढं पाणी. गलबत वाळूवर बसलं आणि लाटांनी त्याला आडवं पाडलं.

मग त्यानं झाप फाडले, दोर कोयत्यानं तोडले, चांगुणेनं होडीला खांदा लावला. आता कुणी अडवलं नाही. हाल्या पाटलानंसुद्धा नाही. होडी तिथं पोचेस्तोवर फळ्या सुट्या झाल्या होत्या. अकरा माणसं होती. एक म्हातारा तांडेल तेवढा जिवंत हाती लागला. पोशाच्या मांडीवर डोकं ठेवून तो एवढंच म्हणाला, असं सांगतात: “तू दाखवलंस तिकडूनच आलो रे बाबा.” आणि गेला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं चार दिवस दर्या एकेकाला काठाला आणून टाकत होता. अकराही तिरड्यांपुढं पोशा चालला. जिवंतपणी ज्यांच्या पुढं झाला नाही, त्यांना मसणात मात्र बरोबर पोचवलं. पुनवेला गावानं नारळ सोडला, हा गेला नाही. उजवा हात त्यानं त्याच मुंडाशानं कमरेला आवळून बांधला. चांगुणा रडली, पाया पडली, निदान जेवताना तरी सोडा म्हणाली. तो म्हणायचा, “याचं पोट भरलंय. अकरा माणसं खाल्लीत यानं.”

हात सुकून काठी झाला. लांब शीड दिसलं की पोशा होडी न घेताच पाण्यात शिरायचा, छातीएवढ्या पाण्यातून पोरं त्याला ओढून आणायची. एका श्रावणात असाच शिरला, तो परत आला नाही. त्या दिवशी दर्यात एकही शीड नव्हतं, म्हणे.

गावाला अक्कल आली, पण कुणाच्या जिवावर! टोकावर त्याला दगडात उभं केलं, ते त्या हाताशिवायच. आजही पावसाळ्यात सगळ्या होड्या शाकारतात, एक तेवढी पाण्यात राहते आणि वाटाड्या रोज चर मापतो. आजही नांदखोलात कुणी हात करून वाट दाखवत नाही. देऊळ विचारा, विहीर विचारा, माणूस हातातलं काम टाकून तुमच्याबरोबर चालू लागेल.

वारा पडला बघा. उठा. मी होडी घेऊन पुढं होतो, तुम्ही मागून या. बाहेर पोचलात की तुम्ही खुशाल हात हलवा. मी हलवला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्या टोकासमोर आमचा हात निरोपालाही वर होत नाही.